कॉलरवालीचा चष्मा

माझी आई कॉलर शिवायची. अख्खा शर्ट नाही, फक्त कॉलर. तयार कपड्यांच्या कारखान्यात ज्यांनी कधी काम केलेलं नाही त्यांना हे विचित्र वाटेल, पण आमच्या शेडमध्ये एक शर्ट कितीतरी बायकांच्या हातांतून फिरत पुढे जायचा. कुणी बाह्या लावी, कुणी खिसे, कुणी दिवसभर नुसती काजं करी. त्या सगळ्यांत कॉलरवाल्यांचा मान मोठा. शर्ट हातात घेतला की माणूस आधी कॉलर बघतो, आणि तिची दोन टोकं सारखी नसली तर बाकीचा शर्ट कितीही सुंदर असो, तो तोंड वाकडं केल्यासारखा दिसतो. म्हणून कॉलरवाल्यांना खिडकीजवळची रांग, मजुरी इतरांपेक्षा बरी, आणि तोराही इतरांपेक्षा जास्त.

आई त्या रांगेत पहिली बसायची. तिच्या शेजारच्या मशीनवर मी, सतरा-अठरा वर्षांची, नुकतीच कफ शिवायला लागलेली.

आईने उलटवलेल्या कॉलरचं टोक मी अजूनही विसरलेले नाही. दोन कापडं सुलट बाजू आत ठेवून शिवायची, कोपरा छाटायचा, मग उलटवून टोक बाहेर काढायचं. बाकीच्या बायका त्यासाठी लाकडी काडी वापरत. आई अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक हलका पीळ द्यायची आणि टोक कोंब फुटल्यासारखं वर यायचं. मग कडेकडेने वरची शिलाई. ती शिलाई काठापासून जेवढी सुरुवातीला दूर, तेवढीच शेवटपर्यंत दूर.

पण मी कामाला लागले तोवर तिचे डोळे जवळचं दाखवायला कुरकुरू लागले होते. चाळिशी उलटलेली. पांढरं कापड असलं तर निभायचं. काळं किंवा गर्द निळं आलं की ती बोटांनीच वाट शोधायची. दोरा तुटला की खोकायची. तो आमचा इशारा होता. मी हात लांब करून तिच्या सुईत दोरा ओवायचे आणि काही झालंच नाही अशी पुन्हा माझ्या कफाकडे वळायचे.

"तुझ्या आईला बारमाही खोकला झालाय गं," पलीकडून रेडिओमावशी म्हणायची. "औषध दे तिला. लांबट, पातळ आणि टोकाला थुंकी लावलेलं."

रेडिओमावशी म्हणजे आईची मैत्रीण. तिच्या तोंडाला बंद करायचं बटण नव्हतं म्हणून हे नाव. पण या बाबतीत ती शेडबाहेर अवाक्षर काढत नसे, कारण तिची स्वतःची गतही तीच होती.

लपवायचं कारण साधं होतं. शेडचा नियम असा की चष्मा लागला की माणूस मागच्या टेबलावर. तिथे उरलेले दोरे कातरायचे, शर्टांच्या घड्या घालायच्या, खोकी भरायची. मजुरी जवळजवळ निम्मी. कोणे एके काळी कुणाचा तरी चष्मा नाकावरून घसरून सुईखाली गेला आणि मशीन बिघडलं म्हणे, तेव्हापासून हा नियम. तो चष्मा कुणाचा, ते मशीन कुठलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मागच्या टेबलावर बसलेल्या बायका सगळ्यांना रोज दिसत. एकेकाळच्या नामांकित कॉलरवाल्या तिथे मान खाली घालून दोरे कातरत बसलेल्या असत.

घरीही आई कबूल करायची नाही. एकदा बाबांच्या फिक्या निळ्या शर्टाचं बटण तिने काळ्या दोऱ्याने लावलं. बाबा पाणीपुरवठ्यात फिटर होते. ते तसाच शर्ट घालून कामावर गेले. संध्याकाळी हसत म्हणाले, "आज सगळे विचारत होते. मी सांगितलं, नवी फॅशन आहे." आई हसली नाही. मागचं टेबल आता किती लांब आहे हे ती मोजत असावी. माझा धाकटा भाऊ शिकत होता, निम्मं घर तिच्या कॉलरींवर चालत होतं.

अशात एके दिवशी रेडिओमावशी बातमी घेऊन आली. तिची बहीण शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यात होती.

"सरकारची गाडी फिरतेय. आरोग्य खात्याची. डोळे तपासतात आणि चष्मे देतात. फुकट!"

अख्खी रांग हसली.

"सरकारने फुकट काही दिलेलं ऐकलंयस कधी?" आई म्हणाली. "द्यायच्या नावाखाली काढून न्यायलाच येत असणार."

"काय नेणार? डोळे?"

"नोकरी."

हसू तिथल्या तिथे विरलं. दुपारी मास्तरांनीच जाहीर केलं की परवा तपासणी आहे आणि एकूण एक बाईने बसायचं आहे. मास्तर म्हणजे आमचे तपासणी मास्तर. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या हाताखालून जायचा. खिशात कायम लाकडी पट्टी, म्हणून पाठीमागे त्यांना आम्ही फूटपट्टी म्हणायचो. मास्तर स्वतः उभे राहून सांगतायत म्हटल्यावर कुणाला शंकाच उरली नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना वेचून मागच्या टेबलावर पाठवायचा हा सरकारी मार्ग आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पण आमच्याही शेडची एक रीत होती. नवा नमुना आला की त्याचा कागद फक्त मास्तरांकडे असायचा. बायका तो नमुना तोंडाने शिकायच्या. कुठे दाबायचं, कुठे वळायचं, किती टाके परत घ्यायचे, सगळं एका ठेक्यात बसवून म्हणायच्या. त्याला आम्ही चाल म्हणायचो. "दाब, वळ, दोन मागे, सोड." एकीने पाठ केली की दुसरीला, दुसरीकडून तिसरीला, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या शेडला चाल येत असे.

दुसऱ्या दिवशी रेडिओमावशी बहिणीकडून डोळ्यांच्या तपासणीची चाल घेऊन आली.

"एक पुठ्ठा असतो," ती सांगू लागली. "त्यावर तीन दातांच्या फण्या काढलेल्या. वरच्या ओळीत मोठ्या, खाली जाऊ तशा बारीक. दात कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगायचं. पहिली ओळ ऐका. वर, डावी, खाली. दुसरी, उजवी, उजवी, वर, डावी."

झालं. दिवसभर शेड त्याच ठेक्यावर गुणगुणत राहिली. वर, डावी, खाली. उजवी, उजवी, वर, डावी. मास्तर दोनदा रांगेतून फिरले. त्यांना वाटलं, नव्या बाहीची चाल चालली आहे.

"शाब्बास," ते म्हणाले. "तोंडपाठ पाहिजे, तोंडपाठ!"

रेडिओमावशीला हसू आवरेना, म्हणून तीही खोकली.

तपासणीला आली ती एक पन्नाशीची बाई. पायात जाड तळाचे बूट, अंगावर खात्याचा पांढरा कोट, आणि स्वतःच्याच डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, दोरीने गळ्यात अडकवलेला. बरोबर एक कारकून. त्यांनी टेबल मांडलं, त्यावर एका लाकडी चौकटीत पुठ्ठा उभा केला. चौकटीला एक सुतळी बांधलेली होती. सुतळीचं दुसरं टोक बाई स्वतः धरून समोरच्या बाईच्या गालाला लावायची, म्हणजे सगळ्यांचे डोळे पुठ्ठ्यापासून सारखेच दूर. कारकून मागे बसून हातातल्या उत्तरांशी ताडून बरोबर-चूक करायचा.

आणि आमच्या बायका सुटल्या! एकीने तर बाईने बोट ठेवायच्या आत तिसरी ओळ म्हणून टाकली.

"अहो, थांबा. अजून मी विचारलं कुठे?"

"हात चालतो बाई आमचा. सवय आहे."

रेडिओमावशीला डोळे मिटून चाल म्हणायची सवय. ती तशीच सुरू झाली.

"डोळे उघडे ठेवून वाचा की," चष्मेवाली बाई म्हणाली.

"उघडेच आहेत बाई. मुळात बारीक आहेत जरा."

मी कफ पोचवायला टेबलाजवळून गेले तेव्हा कारकून तिला म्हणत होता, "इथे तर कुणालाच गरज नाही. वर तसं कळवू का? पुढच्या वर्षी गाडी दुसरीकडे वळवतील. खात्याचा तेवढाच पैसा वाचेल."

बाई सुतळी बोटाला गुंडाळत बसली होती.

जेवणाच्या सुट्टीत कारकुनाचा चहा पुठ्ठ्यावर सांडला. त्याने तो पुसला आणि परत चौकटीत घातला. घालताना उलटी बाजू पुढे आली. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना फण्या होत्या, पण त्यांचा क्रम वेगळा. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सुट्टीनंतर पहिला नंबर आईचा. आई ताठ बसली, गालाला सुतळी लागली आणि तिने चाल म्हटली. एकही चूक नाही. कारकुनाने मान डोलावली.

मग मी बसले.

समोर बघितलं आणि गोंधळलेच. चालीत पहिली फणी वर होती, आणि ही तर उजवीकडे दात विचकून बसलेली. बाईने विचारलं, "काय दिसतंय?" मला जे दिसलं ते मी सांगितलं. उजवी. खाली. वर.

"चूक," मागून कारकून म्हणाला. "चूक. चूक. अरेरे, एवढ्या कोवळ्या वयात!"

"कार्टे, नीट सांग," आई दातांतल्या दातांत म्हणाली.

"नीटच सांगतेय."

दुसरी ओळ. तिसरी ओळ. सगळं चूक. कारकून बाईला सांगू लागला की या मुलीला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. मी रडायच्या बेतात आले.

"पण मला सगळं दिसतंय!" मी म्हणाले. "तुमच्या कोटाचं दुसरं बटण सुटायला आलंय, ते एकाच दोऱ्यावर लटकतंय. तुमच्या चष्म्याच्या डाव्या काचेला खाली चरा आहे. आणि ही फणी उजवीकडेच आहे, हवं तर बोट ठेवून दाखवते!"

बाईने बटणाला हात लावला. बटण तिच्या हातात आलं.

मग ती उठली आणि पुठ्ठ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने तो चौकटीतून काढला, उलटला, पुन्हा उलटला. नंतर तिने आमच्या रांगेकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुणीही तिच्या नजरेला नजर दिली नाही. आई तर जमिनीवरचा दोरा उचलायला वाकली, जो तिला दिसणं शक्यच नव्हतं.

आता ओरडणार, मला वाटलं. ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. पोट धरून, चष्मा काढून, डोळे पुसत हसली. "सगळ्यांनी? सगळ्या ओळी पाठ केल्यात? अहो, मला स्वतःला पाठ नाहीत त्या!" मग तिचं हसू थांबलं आणि ती म्हणाली, "पण का? ही परीक्षा नव्हती हो."

शेवटी आई उठली. मास्तर तेव्हा गोदामात होते, म्हणून तिला धीर आला असेल. तिने मागच्या टेबलाकडे हात केला आणि नियम सांगितला. दोनच वाक्यांत.

बाईने वळून त्या टेबलाकडे बघितलं.

"तुम्हाला कॉलर शिकायला किती वर्षं लागली?"

"लागली कसली? अजून शिकतेय," आई म्हणाली.

"आणि जवळचं दिसेना झालं की ते सगळं शिकलेलं तिथे जाऊन दोरे कातरतं?"

"कातरतं."

"तुम्ही म्हणत असाल, सरकारला आमचा एवढा पुळका कुठून आला."

"म्हणतो तर," रेडिओमावशी पुटपुटली. "म्हणतो काय, खात्रीच आहे."

"पुळका नाहीच," बाई म्हणाली. "मला तुमच्यावर दया करायला पाठवलेलं नाही. वरून पाण्यासाठी, रस्त्यासाठी पैसे सुटतात तसे यासाठी सुटलेत. रस्ता खचला की खडी टाकतात, ती काही रस्त्याची कीव येऊन नव्हे. पलीकडचा माल अडतो म्हणून टाकतात. तुमचे हात अडलेत. हाताला काही झालेलं नाही, डोळ्यापुढे दोन काचा नाहीत म्हणून अडलेत. एवढ्या वर्षांची विद्या मागच्या टेबलावर बसली तर नुकसान तुमच्या एकटीच्या घराचं नाही, सगळ्यांचं आहे. म्हणून ही गाडी."

तिचं हे बोलणं मी कितीदा तरी आठवलं आहे. तोवर आमच्या कामाची गरज मालकाला आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याहून मोठ्या कुणाला ती असेल, त्यासाठी कुठल्यातरी कचेरीत बसून कुणी विचार केला असेल, एक गाडी काढली असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि ते सांगायला आलेल्या बाईने, आम्ही फसवणूक केली म्हणून आम्हाला बोल लावला नाही. तिने फक्त पुठ्ठा सुलटा लावला, चाल विसरून दिसेल तेवढंच सांगा म्हणाली आणि पहिलीपासून सगळ्यांना पुन्हा बसवलं. संध्याकाळ होत आली होती. कारकून घड्याळ बघत होता. ती मात्र प्रत्येकीला तेवढ्याच सावकाश विचारत होती.

चष्मे एका लाकडी पेटीत होते. सगळे तपकिरी, गोल काचांचे, एकसारखे. आईने एक घातला आणि शेजारच्या ढिगातली एक कॉलर उचलली. काठ बघितला. टोकं बघितली. खिडकीकडे नेऊन पुन्हा बघितली.

"ही कुणी शिवली?"

"तूच," रेडिओमावशी म्हणाली. "सकाळी."

आईने कॉलर ठेवली. चष्मा काढून मिटला आणि पिशवीच्या तळाशी घातला. "राहू दे घरी," ती म्हणाली. "काम सांभाळायचंय मला."

बाईने आग्रह केला नाही. "नियम बदलणं माझ्या हातात नाही," ती म्हणाली. "माझ्या हातात काचा आहेत." तेवढ्यात मास्तर गोदामातून आले. हातातला कफ डोळ्यांपासून लांब धरून, त्यावर पट्टी ठेवून बघत होते. बाईने ते बरोबर हेरलं.

"या मास्तर, बसा. तुमचेही बघून टाकू."

"माझे? माझी नजर घारीची आहे."

"घारीला लांबचं दिसतं. आपण जवळचं बघू."

चाल मास्तरांना कुणीच शिकवलेली नव्हती. दुसऱ्याच ओळीला त्यांची फणी अडकली. "सरकारी वस्तू नाकारणं बरं दिसत नाही," असं म्हणत त्यांनी चष्मा खिशात घातला. बाईने पेटी बंद केली, बटण कोटाच्या खिशात टाकलं आणि गाडी गेली. जाताना ती आईला एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी येईन. मला तुम्ही खिडकीजवळ बसलेल्या दिसल्या पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी मास्तर चष्मा लावून आले. त्यांना कसला नियम? ते टेबलाशी बसले, पहिला गठ्ठा ओढला, आणि अर्ध्या तासात शेडमध्ये हाहाकार झाला.

"हे काय आहे? ही शिलाई आहे की गोगलगाय फिरलीय? हा खिसा बघा! या शेडमध्ये आजवर काय शिवलं जात होतं?"

"तुम्ही पास करत होता तेच," रेडिओमावशी मशीनच्या आवाजाआड म्हणाली.

गठ्ठेच्या गठ्ठे परत येऊ लागले. उसवा, पुन्हा शिवा. दुपारी आईच्या कॉलरी परत आल्या. तिच्या उभ्या जन्मात हे घडलं नव्हतं. मास्तर स्वतः त्या घेऊन आले, आणि रागावून नव्हे, वाईट वाटल्यासारखे बोलले. ते जास्त लागलं.

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. शनिवारी मी रांगा नव्याने लावणार आहे. ज्यांना सरळ रेघ जमत नाही त्यांनी मागे जायचं."

म्हणजे आता कोंडी झाली. चष्मा लावला तर मागचं टेबल. नाही लावला तरी मागचं टेबल.

संध्याकाळी आई घरी आली. तिने पिशवीतून चष्मा काढला, बाबांच्या शर्टाचं बटण उसवलं आणि निळ्या दोऱ्याने पुन्हा लावलं. मग कॉलरीत घालायच्या कडक कापडाची एक पट्टी घेऊन काहीतरी शिवत बसली.

"फॅशन गेली वाटतं," बाबा बटणाकडे बघत म्हणाले.

"गेली," आई म्हणाली. "आता मला सगळं दिसतंय. आणि मी ते लपवणार नाही."

सकाळी शेडच्या दारातच तिने चष्मा घातला. त्याच्या दोन्ही काड्यांना तिने ती पट्टी शिवली होती. पट्टी डोक्यामागून घट्ट जात होती. मी तिच्या मागे चालत होते, आणि आम्ही जसजशा पुढे गेलो तसतसं एकेक मशीन थांबत गेलं. मागच्या टेबलावरच्या बायकांनीही माना वर केल्या.

मास्तर उठून आले. "हे काय?"

"चष्मा."

"दिसतंय मला."

"दिसणारच मास्तर. तुम्हालाही लागलाय ना."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. "नियम माहीत आहे?"

"माहीत आहे. चष्मा लागला की मागचं टेबल. चला, दोघं बरोबरच जाऊ. तुम्ही घड्या घाला, मी दोरे कातरते."

आता मात्र शेडभर हसू फुटलं. मास्तर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही मान होता. ते आवाज चढवून म्हणाले, "माझी गोष्ट वेगळी. मी मशीन चालवत नाही. तुझा सुईखाली पडला म्हणजे?"

आईने मान खाली घातली, जोरजोराने हलवली, ओणवी होऊन हलवली. चष्मा हलला नाही. "बांधलाय," ती म्हणाली. "आता एकच मागणं आहे. काळं कापड द्या. समोर बसून शिवते. वाकडी झाली तर मी आपण होऊन मागे जाईन, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

मास्तरांनी स्वतः गठ्ठ्यातून काळ्याभोर कापडाचे तुकडे काढून दिले. आई बसली. दोरा ओवायला मी सवयीने हात पुढे केला, तिने तो हळूच बाजूला सारला. स्वतः ओवला. एकदाच. मग मशीन सुरू झालं. मी तिला आयुष्यभर शिवताना पाहिलं होतं, पण त्या दिवशी ती शिवता शिवता बघत होती. प्रत्येक टाका पडताना बघत होती, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तशी. कोपरा छाटला, चिमटीत पीळ दिला, टोक वर आलं. काठाने वरची शिलाई फिरली आणि तिने कॉलर मास्तरांच्या हातात दिली.

त्यांनी फूटपट्टी लावली. एका टोकाला, मग दुसऱ्या. चष्मा काढून बघितलं, काही दिसेना म्हणून पुन्हा घातला. कॉलर दुमडून टोकावर टोक ठेवलं. शेडमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि आमच्या शेडमध्ये टाचण्या सतत पडत.

मास्तरांनी कॉलर घेतली, आपल्या टेबलाकडे गेले आणि पास झालेल्या मालाच्या ढिगावर अगदी वर ठेवली.

"बस तुझ्या जागेवर," ते परत येऊन म्हणाले. मग जरा थांबून, "आणि ती पट्टी कशी शिवलीस ते दाखव. सगळ्यांच्या चष्म्यांना लागेल. माझ्याही."

मग काय! कुणाच्या डब्याच्या पिशवीतून, कुणाच्या कमरेच्या बटव्यातून, एकीच्या मशीनच्या तेलाच्या डब्यामागून तपकिरी चष्मे बाहेर पडले. रेडिओमावशीने घातला आणि मास्तरांकडे निरखून पाहिलं. "अगंबाई, मास्तरांना मिशी आहे! इतकी वर्षं मला वाटायचं, सावली पडलीय."

मागच्या टेबलावरच्या दोघी-तिघी जुन्या कॉलरवाल्या पुढच्या महिन्यात पुन्हा खिडकीशी आल्या. परत येणारा माल जवळजवळ थांबला. शेडने पुढच्या वर्षी आणखी एक रांग वाढवली आणि नव्या मुली कामाला घेतल्या. त्यांना कॉलर आईने शिकवली. मालकांनी मात्र पाहुण्यांना सांगितलं की ही सगळी नव्या दिव्यांची किमया आहे. दिवे नवे होते हे खरं. चष्मेवाली बाई सांगितल्याप्रमाणे आली तेव्हा मालकांचं ते बोलणं तिनेही ऐकलं. तिने वाद घातला नाही. खिडकीशी बसलेल्या आईकडे बघितलं, जवळ येऊन पट्टी दोन बोटांनी ओढून बघितली आणि म्हणाली, "ही कल्पना मी पुढच्या कारखान्यात नेऊ?"

"न्या की," आई म्हणाली. "फुकट."

आता मी म्हातारी झाले. आरोग्यावर सरकारने खर्च करावा की तो पैसा उद्योगाला द्यावा, असे वाद मी वर्तमानपत्रात वाचते. दोन्हीकडचे लोक हुशार असतात, त्यांचे आकडे खोटे नसतील. पण त्या दोन वाटा वेगळ्या आहेत असं मला कधी वाटलंच नाही. मी त्या एकाच टेबलावर पाहिल्या आहेत. एका बाजूला लाकडी पेटी होती, दुसऱ्या बाजूला कॉलरींचा ढीग.

आईचा तो पहिला चष्मा काही वर्षांनी फुटला. बाबाच त्यावर बसले. सकाळची वेळ होती. ती तडक सरकारी दवाखान्यात गेली, मीही तिच्याबरोबर गेले. दारापासून रस्त्यापर्यंत रांग. आईने रांगेच्या शेवटी उभं राहायचं नावच काढलं नाही. फुटका चष्मा वर धरून ती थेट खिडकीकडे निघाली.

"अहो बाई, रांग आहे," कुणीतरी ओरडलं. "आम्ही काय उगीच उभे आहोत?"

"मी कॉलरवाली आहे," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझं मशीन बंद पडलंय."

पुढचा माणूस मागे वळला. त्याने तिच्या हातातल्या तडकलेल्या काचेकडे पाहिलं, आपल्या बायकोला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाला, "जाऊ द्या त्यांना. काम खोळंबलंय."